जुना प्रोजेक्टर आणि मातोश्रींचा हट्ट

आमच्या माजघरातील एका उंच फळीवर एक प्रोजेक्टर ठेवलेला आहे. आमचे धाकटे बंधू आखातात नोकरीस होते. २०११ साली रजेवर येताना त्यांनी तो आणला. त्या रात्री चुन्याने रंगविलेल्या भिंतीवर आठ फुटी चित्र उमटलेले पाहून अर्धी वाडी आमच्या अंगणात लोटली होती. पुढे २०२० साली बंधू प्रभुवासी झाले. त्यांच्या मागे उरलेल्या वस्तूंत हे यंत्र आणि एक तबकडी होती. त्यांच्या कन्येच्या प्रथम कम्युनियनच्या दिवसाचे चित्रण तीत आहे.

मातोश्रींचे वय चौऱ्याऐंशी. मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर त्यांना माणूस ओळखू येत नाही, भिंतीवर मात्र येतो. म्हणून दरवर्षी पुण्यतिथीची मिस्सा आटोपून आप्तमंडळी घरी आली, की ती तबकडी लावावयाची असा परिपाठ पडला. गेल्या खेपेस चित्र सुरू झाले, मुले पांढऱ्या पोशाखात रांगेने चर्चच्या दाराशी आली, आणि आठव्या मिनिटास भिंत काळी पडली. बंधू चित्रात येतात ते अकराव्या मिनिटास. अर्ध्या तासाने यंत्र पुन्हा लावले, पुन्हा तेच. मातोश्री काही बोलल्या नाहीत. उठून स्वयंपाकघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही यंत्र पिशवीत घालून शहरात नेले. दुकानदाराने ते उघडूनसुद्धा पाहिले नाही. ‘‘मास्तर, हे आता भंगारात घाला आणि नवे घ्या,’’ असा सल्ला मिळाला. आम्ही हे मातोश्रींस सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘अरे, त्याने आणलेले आहे ते. माणूस आजारी पडला तर आधी नाडी बघतात ना?’’ मग नाडी पाहणे आम्हांस प्राप्तच झाले.

प्रथम यंत्राचा स्वभाव समजून घेऊ. भिंतीवर चित्र पाडण्याची विद्या नवी नव्हे. सतराव्या शतकात हॉलंडचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी जादूचा दिवा बनविला आणि रोममधील येशूसंघीय धर्मगुरू अथानासियस किर्शर यांनी आपल्या ग्रंथाच्या १६७१ च्या आवृत्तीत त्याचे वर्णन केले. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने असेच खेळ केले. दिवा, चित्र आणि भिंग ही त्रयी तेव्हापासून आजवर कायम आहे. आमच्या यंत्रात दिव्याचा पांढरा प्रकाश विशिष्ट आरशांनी तांबडा, हिरवा आणि निळा असा विभागला जातो. प्रत्येक रंग एका इंचाहून लहान अशा काचेच्या चित्रपट्टीतून जातो, तिन्ही रंग एका लोलकात पुन्हा एकत्र येतात आणि भिंगातून बाहेर पडतात. एवढ्या चिमुकल्या जागेत एवढा प्रखर प्रकाश कोंडलेला, तेव्हा उष्णता ही या यंत्राची जन्माची वैरीण होय. जुन्या प्रोजेक्टरच्या बऱ्याच दुखण्यांचे मूळ तिच्यातच सापडते.

दोष यंत्रात आहे की चित्र पुरविणाऱ्या तारेत, हे आधी ठरवावे. त्यासाठी यंत्राची स्वतःची सूची, म्हणजे मेनू, भिंतीवर उघडावी. सूची स्वच्छ दिसते आणि चित्र मात्र बिघडलेले आहे, तर दोष तारेचा किंवा तबकडी फिरविणाऱ्या पेटीचा. सूचीही बिघडलेली असेल तर दोष यंत्राच्या पोटात. आमच्या बाबतीत सूचीसकट सारेच मालवत होते आणि तापमानाचा बारीक तांबडा दिवा लुकलुकत होता. हे दिवे कोणत्या वेळी काय सांगतात, ते यंत्रासोबतच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ती पुस्तिका आमच्या घरी तांदळाच्या डब्याखाली सापडली.

तापमानाचा दिवा लागला की प्रथम हवेची जाळी पाहावी. आमच्या जाळीवर चुलीची काजळी आणि लाल माती यांचा असा थर बसला होता की आरपार उजेड दिसेना. ती काढून मऊ, कोरड्या ब्रशाने झाडली. दाबलेल्या हवेचे डबे बाजारात मिळतात, पण त्यांतील वायू पेट घेणारा असू शकतो. तापलेल्या यंत्रावर त्याचा फवारा मारू नये. जाळी साफ होताच यंत्र आठाऐवजी तेरा मिनिटे चालले. मातोश्रींनी आपल्या मुलास दोन मिनिटे पाहिले, आणि पुन्हा काळोख.

मग बेळगावातील एका तरुण मिस्त्रीकडे गेलो. त्याने वरचे झाकण काढले आणि पंखे एकेक करून बोटाने फिरविले. दोन अलगद फिरले, तिसरा जडसर. त्याचे तेल सुकले होते. आम्ही उत्साहाच्या भरात त्याच मापाचा पंखा स्वतःच आणून दिला, पण त्यास दोनच तारा होत्या. जोडताच यंत्राने सुरू होण्यासच नकार दिला. तिसरी तार ही पंखा किती वेगाने फिरतो आहे याची खबर आतल्या मुख्य पाटीस देते. खबर न आल्यास पंखा बंद आहे असे समजून यंत्र दिवा पेटवीतच नाही. तीन तारांचा, तितक्याच वेगाचा पंखा मिळेपर्यंत बारा दिवस गेले. आमच्या शहाणपणाचे मोल म्हणजे साडेतीनशे रुपये आणि एक निरुपयोगी पंखा!

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. असे झाकण घरी उघडू नये. भिंतीतील वायर काढून ठेवली तरी आतल्या विद्युतसंग्राहकांत शेकडो व्होल्टचा भार काही काळ राहतो, आणि दिवा पेटविताना तर हजारो व्होल्टचे झटके दिले जातात. घरी करावयाचे ते जाळीची सफाई आणि दिव्याची अदलाबदल, एवढेच.

दिव्याविषयी थोडे अधिक. जुन्या प्रोजेक्टरांत पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. जळताना त्याच्या आत सुमारे दोनशे वातावरणांइतका दाब असतो. त्याचे आयुष्य साधारण दोन ते चार हजार तास. पुढे प्रकाश निम्म्यावर येतो. बदलताना वायर काढावी, तासभर थांबून तो पूर्ण निवू द्यावा, काचेस बोट लावू नये, कारण बोटाचे तेल काचेवर भाजून निघते आणि काच तेथेच दगा देते. झाकण नीट बसले नाही तर आतली कळ दबत नाही व दिवा लागत नाही. पुष्कळ ‘मेलेली’ यंत्रे एवढ्यानेच जिवंत होतात. नवा दिवा बसविल्यावर तासांची मोजणी शून्यावर आणावयास विसरू नये. दिवा फुटल्यास मुलांना बाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात, काही वेळाने तुकडे जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या डब्यात बंद करावेत. झाडू किंवा धूळ ओढणारे यंत्र वापरू नये. आणि खेळ संपताच भिंतीवरचे बटण पटकन् बंद करू नये. पंखा थांबेपर्यंत वाट पाहावी. आपल्या खेड्यांत वीज न सांगता जाते. सोसायटीच्या बैठकीत हा विषय काढला तर सारे हसतात. इन्व्हर्टरला जोडणे हा त्यावर उपाय आहे.

मिस्त्रीने यंत्र परत देताना आणखी एक व्यंग दाखविले. उजव्या कोपऱ्यात पिवळसर डाग होता. त्याने भिंतीवर आळीपाळीने तांबडा, हिरवा आणि निळा असे कोरे रंग टाकले. पहिल्या दोहोंवर डाग नव्हता, निळ्यावर स्पष्ट होता. निळ्या प्रकाशाच्या वाटेवर पोलरायझर नावाची पातळ पारदर्शक पट्टी असते. वर्षानुवर्षांच्या तापाने ती तेथे करपली होती. निळा अडला म्हणजे पांढऱ्यात पिवळाच उरणार. अशी पट्टी बदलता येते, पण काम नाजूक आणि आमच्या प्रतिमानाचे भाग आता सहज मिळत नाहीत. तो प्रामाणिकपणे म्हणाला, ‘‘मास्तर, हात लावला आणि बिघडले तर मला वाईट वाटेल.’’ आम्ही डाग तसाच ठेवला.

त्या रविवारी संध्याकाळी मातोश्रींनी खुर्ची भिंतीच्या अगदी जवळ घेतली. आठ मिनिटे झाली, तेरा झाली. कोणी श्वास सोडीना. चाळीस मिनिटांची तबकडी सरली तरी पंखा फिरतच होता. पिवळा डाग चर्चच्या घंटाघरावर पडला होता. तो मातोश्रींस दिसला की नाही, कोण जाणे. त्यांनी मागे वळून एवढेच विचारले, ‘‘दिवा गरम झाला असेल का रे? नसेल तर आणखी एकदा लाव.’’