क्रिप्की, सॉल ॲरन

(१३ नोव्हेंबर १९४० – १५ सप्टेंबर २०२२). अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ व भाषेच्या तत्त्वज्ञानातील अग्रगण्य विचारवंत. जन्म न्यूयॉर्क राज्यातील बे शोअर येथे. बालपण नेब्रॅस्कातील ओमाहा शहरी. अनिवार्यता व शक्यता या संकल्पनांच्या तर्कशास्त्रावरील त्याचा मूलगामी शोधनिबंध १९५९ मध्ये, म्हणजे वयाची विशी उलटण्यापूर्वीच, प्रसिद्ध झाला. १९६२ मध्ये तो हार्व्हर्ड विद्यापीठाचा गणित विषयातील पदवीधर झाला. पुढे त्याने रॉकफेलर, प्रिन्स्टन आणि न्यूयॉर्क नगर विद्यापीठ येथे अध्यापन केले.

१९७० मध्ये प्रिन्स्टन येथे त्याने दिलेली तीन व्याख्याने नेमिंग अँड नेसेसिटी (ग्रंथरूपाने १९८०) या नावाने विख्यात आहेत. फ्रेग व रसेल यांच्या परंपरेनुसार विशेषनाम हे एखाद्या वर्णनाचे संक्षिप्त रूप होय. ‘न्यूटन’ म्हणजे ‘गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडणारा’ असे मानल्यास, न्यूटनने तो मांडलाच नसता हे म्हणणे आत्मविसंगत ठरेल. परंतु आईच्या इच्छेप्रमाणे तो शेती करीत राहिला असता, तरी तो न्यूटनच असता. म्हणून वर्णन बदलले तरी नाम त्याच व्यक्तीचा निर्देश करते. ते ‘दृढ निर्देशक’ असते, असे क्रिप्की म्हणतो. आरंभी नामकरण होते व पुढे ते नाम एका भाषकाकडून दुसऱ्याकडे जाते. त्यामुळे न्यूटनविषयी चुकीची माहिती असणाराही त्याच्याचविषयी बोलत असतो. निर्देश हा एकट्या मनाचा व्यापार नसून भाषिक समाजाच्या परंपरेवर अवलंबून असतो.

यातून दुसरा महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पहाटे व सायंकाळी दिसणारी तेजस्वी चांदणी एकच, म्हणजे शुक्र, हे निरीक्षणाने कळले. तथापि ती वस्तू एकच असल्याने ते तादात्म्य अनिवार्य आहे. अर्थात, जे अनिवार्य ते अनुभवपूर्वच असले पाहिजे, हे कांटपासून रूढ असलेले गृहीत टिकत नाही. ‘पाणी’, ‘सोने’ यांसारख्या जातिवाचक नामांनाही त्याने हाच विचार लागू केला.

या उपपत्तीवर आक्षेपही घेतले गेले. ‘मादागास्कर’ हे मूळचे आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरील प्रदेशाचे नाव गैरसमजाने बेटाला चिकटले. परंपरा अखंड राहूनही निर्देश बदलला, याकडे गॅरेथ एव्हान्सने १९७३ मध्ये लक्ष वेधले. आपण पूर्ण सिद्धांत नव्हे, तर अधिक यथार्थ चित्र मांडत आहोत, असे क्रिप्कीनेही स्पष्ट केले होते.

व्हिट्‌गेन्‌श्टाइनच्या नियमपालनविषयक विचारांचे त्याने केलेले विवरण (१९८२) वादग्रस्त, पण प्रभावी ठरले. २००१ मध्ये त्याला शॉक पारितोषिक मिळाले. न्यू जर्सीतील प्लेन्सबरो येथे त्याचे निधन झाले.