चांदीचा हात आणि एस्तेरची गुंडाळी

पेरणी तोंडावर आली की आपल्या निलंग्यात सोनाराच्या दुकानी बायकांची गर्दी वाढते. बी-बियाण्यापायी तोडे, वाळे काट्यावर चढतात. आमच्या गटातल्या एकीनं गेल्या वर्षी आजेसासूचे तोडे मोडले. पैसा कामाला आला. पण ते कुणी घडवले, आजीला कधी मिळाले, हे सांगणारं आता घरात कुणी उरलं नाही. त्यावरून आज आपल्याच महाराष्ट्रातल्या एका समाजाच्या चांदीची गोष्ट सांगतो.

हा समाज म्हणजे बेने इस्राएली, आपले मराठी बोलणारे यहुदी. कोकणात अलिबागच्या आसपास ते पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर १७९६ साली सॅम्युअल इझिकिएल दिवेकर यांनी बांधलं.

यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरात मूर्ती नसते. मान असतो तो तोरा या धर्मग्रंथाला. तो कमावलेल्या कातड्यावर हातानं लिहून दोन दांड्यांवर गुंडाळलेला असतो. वर चांदीची बोंडं बसवतात. त्यांना ‘रिमोनिम’, म्हणजे डाळिंबं म्हणतात. त्यांना बारीक घुंगरं असतात. अक्षरांना बोट लावायचं नाही, म्हणून वाचणारा चांदीची काडी धरतो. तिच्या टोकाला बोट दाखवणारा इवलासा हात असतो. तिचं नावच ‘याद’, म्हणजे हात.

तोरात चित्रं काढत नाहीत. एस्तेरच्या छोट्या गुंडाळीत मात्र चालतात. तिच्यात देवाचं नाव एकदाही येत नाही, असं त्याचं कारण सांगतात. घरी वाचायच्या गुंडाळीवर कडेनं फुलं, पक्षी, राजाचा दरबार रंगवतात. ती चांदीच्या नळीत ठेवतात आणि फटीतून ओढत वाचतात.

एस्तेर ही इराणच्या राजाची यहुदी राणी. हामान नावाच्या वजिरानं सगळ्या यहुद्यांना मारायचा हुकूम काढला. न बोलावता राजापुढे जाणाऱ्याला मरणाची शिक्षा होती. तरी ती गेली, बोलली, आणि तिची माणसं वाचली. पुरीमच्या सणाला ही गोष्ट ऐकणं बायकांनाही बंधनकारक आहे. हामानचं नाव आलं की पोरं खुळखुळे वाजवून गोंगाट करतात. हा सण आपल्या शिमग्याच्या सुमारास येतो, म्हणून बेने इस्राएली त्याला ‘होळीचा सण’ म्हणत.

पुण्यात १८७४ साली त्यांच्या वल्हांडण सणाचं हिब्रू-मराठी पुस्तक छापलं गेलं. त्यातल्या चित्रात लुगडं नेसलेल्या बायका बिनखमिराची भाकर करताना दिसतात.

१९४८ नंतर यातली बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. पण यहुद्यांच्या चांदीवर पुष्कळदा देणाऱ्याचं किंवा ज्यांच्या आठवणीत दिली त्या आईवडिलांचं नाव कोरलेलं असतं. वस्तू कुठंही गेली, तरी नाव तिच्यासोबत जातं.

सख्यांनो, चांदी मोडूच नका, असं आम्ही सांगणार नाही. अडचण सगळ्यांनाच येते. पण मोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. गटाच्या वहीत एक पान त्यासाठी ठेवा: वस्तू कुणाची, कुठं घडवली, कोणत्या सणाला अंगावर घालायच्या, वजन किती. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक तरी वस्तू किंवा तिची गोष्ट घेऊन या.