वहाणांचे स्मारक

वाचकहो, वहाणांचे स्मारक कधी ऐकले आहे का? पूर्व आफ्रिकेत तांबड्या समुद्राकाठी इरिट्रिया नावाचा लहानसा देश आहे. त्याच्या राजधानीत, अस्मारा शहरात, साध्या प्लॅस्टिकच्या वहाणांचे मोठे स्मारक उभे आहे. त्यामागची हकिकत ऐका.

१८९० पासून इथे इटलीचे राज्य होते. १९४१ साली केरेनच्या लढाईत इंग्रजांनी ते मोडले. त्या डोंगरावर आपले मराठा जवानही लढले. पण इरिट्रियाच्या लोकांना स्वातंत्र्य मिळाले नाही. १९५२ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावाने त्यांचा मुलूख इथिओपियाला जोडला गेला. त्यांना स्वतःची विधानसभा होती. पण १९६२ साली सम्राट हैले सेलासी यांनी तीही मोडीत काढली. त्याआधीच, १ सप्टेंबर १९६१ रोजी, हमीद इद्रिस अवाते आणि त्यांच्या मूठभर साथीदारांनी बंदुका उचलल्या होत्या.

झुंज तीस वर्षे चालली. नाकफाच्या डोंगरात खंदक खणले, विमानांच्या भीतीने दवाखाने जमिनीखाली नेले. लढणाऱ्यांत जवळजवळ तिसरा हिस्सा बायकांचा होता. पुढारी असो की शिपाई, पायांत त्याच वहाणा!

२४ मे १९९१ रोजी अस्मारा हाती आले. १९९३ साली ९९ टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याचा कौल दिला.

पण तेव्हापासून तिथे राष्ट्रीय निवडणूक झालेली नाही. सक्तीच्या सेवेला कंटाळून कितीतरी तरुण देश सोडून गेले. शेतकऱ्याला हे सांगायला नको: जमीन सोडवून घेतली, तरी पिकाची राखण करावीच लागते.