घर आणि आग (लेखांक ५) : रात्री गॅसचा वास आला तर

मागच्या आठवड्यात कढईत पेटलेल्या तेलाबद्दल बोललो. ती आग निदान डोळ्यांना दिसते. गॅसची गळती फक्त नाकाला कळते, आणि तीही मुद्दाम सोय केलेली असते म्हणून. या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती लक्षात यावी यासाठी त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात.

मध्यरात्री तो वास आला की माणूस सवयीने दिवा लावतो. नाहीतर वास जावा म्हणून एक्झॉस्ट फॅन किंवा चिमणी सुरू करतो. दोन्ही जिवावर बेतू शकतं, कारण बटणाच्या आत बारीकशी ठिणगी उडते. चालू करताना उडते तशीच बंद करतानाही. त्यामुळे जे बटण ज्या स्थितीत आहे, तसंच राहू द्यायचं. फ्रिजचा प्लगसुद्धा ओढायचा नाही. फ्रिज मात्र रात्रीत आपला आपण चालू-बंद होत असतो, म्हणून मेन स्विच घराबाहेर, जिन्यात किंवा तळमजल्यावरच्या मीटररूममध्ये असेल, तर वीज तिथून तोडावी.

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. सुटला की खाली बसतो, ओट्याखाली साचतो, जमिनीलगत पसरतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण दोन टक्के झालं तरी तो पेट घेऊ शकतो. वन रूम किचनच्या घरात रात्री गाद्या स्वयंपाकघरातच पडतात. म्हणजे गॅस जिथे साचतो, नेमकं तिथेच मुलांचं डोकं असतं. अशा घरांत झोपण्याआधी रेग्युलेटर बंद करणं दाराला कडी लावण्याइतकंच सक्तीचं असायला हवं. नव्या घरांतली एक गोष्टही मला धोक्याची वाटते : सिलिंडर नजरेआड राहावा म्हणून ओट्याखाली घट्ट बसणारी दारं लावतात आणि हवेला वाटच ठेवत नाहीत. सुताराला सांगून त्या दारांना तळाशी जाळी बसवून घ्या.

मुंबई-पुण्यात पाइपने येणारा गॅस वेगळा. तो हवेपेक्षा हलका, छताकडे चढणारा. त्या घरांत वरची खिडकी किंवा व्हेंटिलेटर बुजवलेला नसणं महत्त्वाचं. पाइपवरच्या व्हॉल्व्हचा दांडा पाइपच्या रेषेत असेल तर गॅस चालू, आडवा केला की बंद.

वास आला की आधी सगळ्यांना उठवून बाहेर काढा. हात पोहोचत असेल तर रेग्युलेटर बंद करा, जाता जाता दारं-खिडक्या सताड उघडा. देवापुढे समई तेवत असेल आणि गॅस अजून तिथवर पोहोचला नसेल, तर ती आधी विझवा. शेजाऱ्यांची बेल दाबू नका, दारावर थापा मारा. फोनही बाहेर, लांब गेल्यावरच. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आग लागली तर १०१. पाइप गॅसचा आपत्कालीन क्रमांक बिलावर छापलेला असतो, तो आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

गळती बहुतेक वेळा साध्याच जागी असते. व्हॉल्व्हच्या आतला रबरी वॉशर झिजलेला असतो, नाहीतर नळी उंदराने कुरतडलेली असते. शंका आली तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की गळती आहे. काडी ओढून बघणारी माणसं अजूनही भेटतात, त्यांना हात धरून थांबवा. नळी आयएसआय छापाचीच घ्या आणि ती पाच वर्षांपलीकडे वापरू नका. सिलिंडर घेताना वरच्या कड्याजवळच्या पट्टीवरचं अक्षर आणि साल वाचा. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. बी-२७ असेल तर त्या सिलिंडरची पुढची तपासणी जून २०२७ पर्यंत व्हायला हवी. ती मुदत उलटून गेलेली असेल तर सिलिंडर परत करा.

आणि आज रात्री जेवणं झाली की घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला डोळे मिटून रेग्युलेटर बंद करायला लावा. पुष्कळ घरांत ते फक्त आईला किंवा सुनेलाच जमतं. ती गावाला गेलेली असते, त्या रात्री घरातल्या पुरुषांना खटका कुठल्या बाजूला फिरवायचा हेही ठाऊक नसतं. आजी-आजोबांना नीट दाखवा, दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही शिकवा.

पुढच्या लेखांकात खिडक्यांच्या ग्रिलबद्दल. तोवर तुमच्या ग्रिलला उघडणारी झडप आहे का, आणि तिला कुलूप असेल तर किल्ली नेमकी कुठे आहे, हे पाहून ठेवा.