कासवाच्या पिल्लाला रुळू द्या

जमिनीवरचं कासव पाण्याच्या टाक्यात सोडलं तर बुडून मरतं. हे मी चिखलीत किती जणांना सांगितलं असेल, तरी घरी येणारा प्रत्येक जण पेटीत डोकावून तेच म्हणतो, "कासव हाय नं? मग पाण्यात सोडा नं त्याले!" लोक आपल्या पाहण्यातलंच बोलतात. आपण कासव पाहिलं ते विहिरीत. पाणी स्वच्छ राहतं म्हणून विहिरीत कासव सोडायची रीत गावोगाव होती. ते मऊ पाठीचं, पोहणारं कासव. आमच्याकडचं पिल्लू सुलकाटा जातीचं, मूळ सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं. त्याचे पाय चालायला आणि उकरायला केलेले, पोहायला नव्हेत.

आधी कागदांचं सांगते, कारण तिथं चूक झाली तर पुढचं सगळं व्यर्थ. विहिरीतलं कासव असो की पाठीवर पिवळे तारे असलेलं स्टार कासव, आपल्या देशातली ही दोन्ही कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती घरात ठेवली तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. शेतात असं कासव सापडलं तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवावं. वीस नखांच्या कासवानं गुप्तधन मिळतं म्हणून या मुक्या जिवांचे सौदे होतात, ते ऐकून जीव तुटतो. स्टार कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशी अठरा नखं असतात, विहिरीतल्याच्या एकेका पायाला तीनच. सुलकाटा परदेशी असलं तरी आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आहे, त्यामुळे 2024च्या नियमांप्रमाणे 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. माझ्या पुतण्यानं पुण्याहून पिल्लू आणलं ते पावतीसकट, आणि नोंदणी केल्यावरच मी पेटीची तयारी धरली.

पेटी लाकडी फळ्यांची करून घेतली. काचेची टाकी दिसायला छान, पण पिल्लाला काच कळत नाही. पलीकडचं दिसतं म्हणून ते दिवसभर काचेला धडका देत, कोपरे उकरत राहतं आणि थकतं. तळाला आपली काळी माती नुसती घालू नये. ओली झाली की पायांना चिकटते आणि वाळली की दगड होते. रोपवाटिकेत मिळतं ते कोकोपीट भिजवून, पिळून, चार बोटं जाड पसरलं. एका कोपऱ्यात दिवा, त्याच्याखाली 35 अंशांच्या थोडं वर ऊब. दुसऱ्या टोकाला सावली, 27-28 अंश. पिल्लू स्वतःच ऊन-सावली निवडतं. मातीचं फुटकं मडकं आडवं ठेवून त्याची लपायची जागा केली, आत कोकोपीट जास्त ओलं.

पहिले काही दिवस ते मडक्यातून बाहेरच येईना. लिंबाएवढा जीव, डोकं आत, पुढचे पाय तोंडावर घेतलेले. नात हिरमुसली. "आजी, ते काहून लपून बसते? आजारी हाय का?" तिला म्हटलं, घर बदललंय त्याचं, वास वेगळा, उजेड वेगळा, वरून मोठाले हात येतात. वरून येणारं ते त्याला कावळ्यासारखंच वाटणार. म्हणून उचलायचं फक्त आंघोळीला आणि वजनाला. या काळात खाणं कमी होतं, त्याला घाबरू नये. सकाळी दिवा ठरल्या वेळी लागला, पाला त्याच फरशीच्या तुकड्यावर मिळाला, की त्याला दिवसाची लय सापडते.

आंघोळ मात्र चुकवू नये. पसरट ताटलीत कोमट पाणी, हनुवटीच्या खालीच राहील इतकं, पंधरा-वीस मिनिटं आणि शेजारी आपण बसलेलं. त्यात ते पाणी पितं आणि घाण टाकतं. लघवीसोबत पांढरं काही पडतं ते बोटांत चोळून पाहायचं आणि हात साबणानं धुवायचे. मलमासारखं मऊ असेल तर ठीक. वाळूसारखं खरखरीत लागलं तर पिल्लाच्या अंगात पाणी कमी पडतंय.

वाळवंटाकडचं म्हणून पिल्लाला कोरडं ठेवायचं, ही समजूत सगळ्यात घातक. रानात ही पिल्लं बिळात, झुडपांच्या बुडाशी, ओलसर जागी दडून राहतात. व्हिएन्नाच्या संशोधकांनी 2003 मध्ये याच जातीच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हवा कोरडी ठेवलेल्यांच्या पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे वाढले. आहारातल्या प्रथिनांचा परिणाम त्यामानानं किरकोळ निघाला. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी होते की पेटीचं अर्धं तोंड झाकावं लागतं.

उन्हाचंही तसंच. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन ऊब देतं, पण ड जीवनसत्त्वासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. ते नसतील तर खाल्लेलं कॅल्शियम हाडाला आणि पाठीला लागत नाही, कवच मऊ पडतं. म्हणून अतिनील नळी लावली, शिवाय सकाळचं कोवळं ऊन, जाळीखाली आणि सावलीची सोय ठेवून. मांजर, मुंगूस, कावळा यांपैकी कुणालाही एक क्षण पुरतो. कॅल्शियमला काष्ठौषधीच्या दुकानातलं समुद्रफेण ठेवलंय, ते कुरतडतं.

खायला हराळी, तुतीचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं. पोळी, दूध-भात, डाळ, फळं नाहीत. धुऱ्यावरचं गवत मी आणू देत नाही, कारण सोयाबीनवरची फवारणी आणि तणनाशक कुठवर उडालंय ते डोळ्यांना दिसत नाही. गच्चीवरच्या कुंड्यांतच हराळी लावली आहे.

ही जात पन्नास किलोच्या वर जाऊ शकते, कितीतरी दशकं जगते आणि खोल बिळं करते. काळ्या मातीतलं बीळ उन्हाळ्यात भेगाळेल, पावसाळ्यात भरेल. म्हणून परसात मुरमाचा उंचवटा करून पाया जमिनीत खोल नेलेली भिंत बांधायची, थंडीसाठी आत उबदार खोली काढायची, असं गवंड्याशी बोलून ठेवलंय. पुतण्या आणि नात दोघांनाही सांगितलंय की माझ्यानंतर ते कुणाकडे राहणार, ते आत्ताच ठरवा.