डच कंपनीचा अपुरा हिशेब

शेअरबाजारातील चढउतारांच्या बातम्या आज मध्यमवर्गीय घरांतही आस्थेने वाचल्या जातात. ज्या भागभांडवली कंपनीच्या पायावर हा बाजार उभा आहे, तिच्या जन्मकथेकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती कथा जितकी बोधप्रद, तितकीच अस्वस्थ करणारी आहे.

२० मार्च १६०२ रोजी नेदरलँड्सच्या स्टेट्स जनरल या प्रातिनिधिक सभेने डच ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. पूर्वेकडे जहाजे धाडणारे डच व्यापारी आपापसांतील चुरशीने मसाल्यांची खरेदी महाग आणि विक्री स्वस्त करून बसले होते. त्यांना एकत्र आणून २१ वर्षांची मक्तेदारी देण्यात आली. सुमारे ६४ लाख गिल्डरांचे भांडवल जनतेतून उभे राहिले. एका संचालकाच्या घरातील मोलकरणीनेही १०० गिल्डर गुंतवले. दहा वर्षांनी हिशेब देण्याचे वचन १६१२ मध्ये पाळले गेले नाही. भांडवल कंपनीत कायमचे अडकले; भागधारकाला सुटका हवी असल्यास आपला भाग दुसऱ्यास विकणे एवढाच मार्ग उरला. ॲमस्टरडॅमचा भागबाजार बहरला तो या व्यवस्थेमुळे.

परंतु त्याच सनदेने कंपनीला किल्ले बांधण्याचा, तह करण्याचा आणि सैन्य बाळगण्याचाही अधिकार दिला होता. जायफळ तेव्हा प्रामुख्याने बांदा बेटांवरच पिकत असे. तेथील लोक इतर व्यापाऱ्यांनाही माल विकतात, या कारणावरून गव्हर्नर जनरल यान पीटरसन कून याने १६२१ मध्ये बेटांवर स्वारी केली. सुमारे पंधरा हजार वस्तीपैकी बहुतेक लोक मारले गेले, उपासमारीने मेले, परागंदा झाले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. पुढे त्या बागा गुलामांच्या श्रमावर चालल्या. १६२२ मध्ये असंतुष्ट भागधारकांनी पत्रके काढली खरी. पण त्यांचा रोख संचालकांच्या जमाखर्चावर होता.

या साम्राज्याचे धागे आपल्याकडेही पोहोचले होते. मसाले खरेदी करण्यासाठी कोरोमंडल किनाऱ्यावरील कापड नेले जाई. पोर्तुगीजांच्या गोव्यावर नजर ठेवण्यास वेंगुर्ल्याची वखार उपयोगी पडे.

भ्रष्टाचार, कर्जे आणि १७८० ते १७८४ चे इंग्लंडशी झालेले युद्ध यांनी कंपनी खचली. १७९९ च्या अखेरीस ती विसर्जित झाली. तिची कर्जे व मुलूख सरकारकडे गेले. १८३० पासून जावाच्या शेतकऱ्यांवर ऊस, कॉफी व निळीची सक्तीची लागवड लादून डच तिजोरी भरण्यात आली. १९४९ मध्ये स्वातंत्र्याला मान्यता मिळवताना इंडोनेशियाला वसाहत सरकारचे सुमारे ४३० कोटी गिल्डरांचे कर्ज पत्करावे लागले. त्यात इंडोनेशियाशीच केलेल्या युद्धाचा खर्चही होता. १९५६ मध्ये इंडोनेशियाने उरलेले कर्ज नाकारले, यात नवल ते काय?

२००६ मध्ये डच पंतप्रधान बाल्केनेंडे यांनी संसदेत या कंपनीच्या उद्यमशील वृत्तीचा गौरव केला, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. ती रास्तच होती. विखुरलेली बचत एकत्र आणणारी भागभांडवली संस्था त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. लाभांश घेणारा आणि त्याची किंमत मोजणारा यांच्यात हजारो मैलांचे अंतर पडले, की ताळेबंद अचूक असूनही अपुरा राहतो, हे मात्र विसरता कामा नये. खाणी, धरणे व कारखाने यांचे लाभ मोजताना विस्थापितांची रकाना आपणही कोरी ठेवत नाही ना, हे प्रत्येक भागधारकाने स्वतःला विचारले पाहिजे.