मेमरीत एक बाइट शोधताना

सी भाषेत मेमरीच्या एखाद्या तुकड्यात ठरावीक बाइट शोधायची असेल, तर 'मेमसीएचआर' हे फंक्शन वापरतात. 1989च्या अमेरिकी प्रमाणकापासून ते सीच्या स्टँडर्ड लायब्ररीत आहे. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: शोध कुठून सुरू करायचा, काय शोधायचे आणि किती बाइट तपासायच्या. बाइट सापडली की ती जिथे पहिल्यांदा दिसली तिथला पत्ता मिळतो. नाही सापडली तर 'नल'. त्यामुळे आलेला पत्ता वापरण्याआधी तो नल नाही ना, हे तपासलेच पाहिजे. त्या पत्त्यातून सुरुवातीचा पत्ता वजा केला की क्रमांक कळतो. तो शून्यापासून मोजतात.

'एसटीआरसीएचआर' हे त्याचे भावंड फक्त मजकुरासाठी आहे. शून्य बाइट आली की मजकूर संपला, असे ते धरते. चित्राच्या फाइलमध्ये किंवा नेटवर्कवरून आलेल्या डेटामध्ये मात्र शून्ये मध्येच कुठेही असतात. तिथे मेमसीएचआर हवे, कारण ते शून्याला थांबत नाही; दिलेली लांबी पाळते. लांबी चुकीची दिली, तर ते हद्दीबाहेरची मेमरी वाचू शकते.

मराठी मजकुरात आणखी एक मेख आहे. यूटीएफ-8मध्ये 'म' या अक्षराच्या तीन बाइट होतात: 224, 164, 174. नुसती 174 शोधली तर 'म'ऐवजी '८' हा अंकही हाती लागेल, कारण त्याच्या बाइट 224, 165, 174 अशा आहेत. देवनागरी अक्षर शोधायचे तर तिन्ही बाइट सलग जुळवाव्या लागतात.